स्ट्रोकनंतर ब्लड-ब्रेन बॅरियर नेमका कधी, कुठे आणि किती उघडतो?

निवासी_न्यूरो

नमस्कार मंडळी. इस्केमिक स्ट्रोकमधल्या (मेंदूची धमनी गुठळीने बंद पडून होणाऱ्या झटक्यातल्या) ब्लड-ब्रेन बॅरियरबद्दल, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या वाहिन्यांच्या भिंतीच्या अडसराबद्दल वाचताना काही ठिकाणी गाडी अडतेय. जाणकारांनी जरा फोड करून सांगावं.

पहिली गोष्ट वेळेची. एका ठिकाणी लिहिलेलं असतं की बॅरियर पहिल्या काही तासांत उघडतो, मधे बंद होतो आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा उघडतो. दुसरीकडे म्हणतात की मधे बंद वगैरे काही होत नाही, एकदा उघडला की आठवडे उघडाच राहतो. दोन्ही खरं कसं असेल?

दुसरी शंका थ्रोम्बेक्टमीनंतर (धमनीतून नळी घालून गुठळी काढल्यानंतर) लगेच काढलेल्या सीटीची. मेंदूच्या खोल भागातल्या लेन्टिफॉर्म न्यूक्लियसमध्ये पांढरा डाग दिसला तर तो रक्तस्राव समजायचा की कॉन्ट्रास्ट (चित्रासाठी टोचलेलं द्रव्य)? अँटिप्लेटलेट (गुठळी रोखणारं औषध) सुरू करायचं की नाही, हे सगळं त्यावर अडतं.

तिसरी, बॅरियर फुटला म्हणून सूज आली असं आपण म्हणतो आणि उपाय म्हणून पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल देतो, जे बॅरियर शाबूत असेल तिथेच काम करतं. उलट ट्यूमरच्या सुजेवर हमखास लागू पडणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड इथे वर्ज्य. हे कोडं सुटत नाही.

आणि शेवटी बीपी. वाहिनी पूर्ण मोकळी झाल्यावर बीपी जितकं खाली ठेवू तितकी गळती कमी, हे तर्काला धरून वाटतं. मार्गदर्शक तत्त्वं मात्र तसं म्हणत नाहीत. का?

एन्डोथेलियम

वेळेच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिन्ही शंकांची मुळं तिथेच आहेत.

‘बॅरियर उघडला’ हे वाक्यच अर्धवट आहे. कशासाठी उघडला, ते सांगावं लागतं. सोडियम आणि पाण्यासाठी, ५०० ते ६०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) गॅडोलिनियम या एमआरआयच्या कॉन्ट्रास्टसाठी, ६६ किलोडाल्टनच्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासाठी की अख्ख्या लाल पेशींसाठी? हे चार वेगवेगळे रस्ते आहेत, ते वेगवेगळ्या वेळी उघडतात आणि त्यांची कारणंही वेगळी. ज्याने जो रेणू वापरून मोजलं त्याला ती वेळ सापडली. तुम्ही वाचलेली परस्परविरोधी विधानं बहुतेक इथूनच येतात.

आता क्रमाने. मेंदूचा रक्तप्रवाह साधारण दर १०० ग्रॅमला मिनिटाला ५० मिली असतो. तो २० च्या खाली गेला की चेतापेशी काम थांबवतात आणि १० च्या खाली गेला की सोडियम-पोटॅशियम पंपच बंद पडतो. सोडियम पेशीत शिरतं, त्यामागोमाग पाणी. ही सायटोटॉक्सिक सूज मिनिटांत सुरू होते. पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या टप्प्यात मेंदूचं एकूण पाणी वाढलेलंच नसतं. बाहेरचं पाणी आत गेलं, इतकंच. डिफ्यूजन एमआरआयमध्ये भाग चमकतो, पण कवटीतला दाब वाढत नाही.

पुढचा टप्पा आयनिक सुजेचा. पेशींच्या बाहेरचं सोडियम आत गेल्यामुळे बाहेर सोडियमचा तुटवडा पडतो आणि केशवाहिनीतल्या रक्तातून एन्डोथेलियल (वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) पेशींच्या आरपार सोडियम मेंदूकडे ओढलं जातं. यात एनकेसीसी-१ हा वाहक आणि एसयूआर-१/टीआरपीएम-४ ही वाहिका यांचा हात असतो. टाइट जंक्शन, म्हणजे या पेशींना एकमेकींशी घट्ट शिवणारे सांधे, या वेळी जागच्या जागी असतात, अल्ब्युमिन बाहेर येत नाही. तरीही मेंदूत निव्वळ पाणी वाढू लागतं. म्हणजे गळती दाखवणारी प्रत्येक चाचणी नकारात्मक असताना सूज येऊ शकते. तिसऱ्या शंकेची चावी इथे आहे, त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

मग येते व्हॅसोजेनिक सूज, म्हणजे प्रथिनांसकट द्रव बाहेर येणं. त्याचेही दोन मार्ग. एक पेशीच्या पोटातून, कॅव्हिओली नावाच्या बारीक पुटिकांमधून. निरोगी मेंदूत ही वाहतूक मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि त्यात एमएफएसडी-२ए या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. दुसरा मार्ग दोन पेशींच्या फटीतून, म्हणजे क्लॉडिन-५, ऑक्लुडिन आणि झेडओ-१ यांची वीण उसवल्यावर. उंदरांवरच्या २०१४ च्या कामात असं दिसलं की वाहिनी काही वेळ बंद करून पुन्हा मोकळी केल्यावर पुटिकांची वाहतूक ६ तासांच्या सुमारालाच वाढते, तर टाइट जंक्शनची रचना बिघडलेली ४८ तासांनंतर दिसते. ‘सगळा दोष टाइट जंक्शनचा’ हे जुनं चित्र त्यामुळे बदललं.

एन्झाइमांचं वेळापत्रकही असंच दुहेरी आहे. आधी एमएमपी-२ (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांच्या कुळातलं एक) जागं होतं. ते बेसल लॅमिनातलं (वाहिनीच्या बाहेरच्या आधार-पडद्यातलं) कोलॅजन-४ आणि जंक्शनची प्रथिनं कुरतडतं, पण हे नुकसान बरंचसं भरून येणारं असतं. नंतर, साधारण २४ ते ७२ तासांत, एमएमपी-९ येतं. त्याचा मोठा साठा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सोबत घेऊन येतात. बेसल लॅमिना विरघळली की लाल पेशी बाहेर पडायला वाट मिळते. रक्तस्रावी रूपांतर म्हणतात ते हेच.

प्राण्यांमध्ये दोन शिखरं दिसतात ती याच दोन लाटांमुळे. मधला काळ ‘बंद’ नसतो, फक्त गळतीचा वेग कमी असतो. माणसांत तर वेगवेगळ्या रुग्णांची चित्रं वेगवेगळ्या तासांना काढलेली असतात, कुणाची वाहिनी उघडलेली तर कुणाची नाही. ती सगळी एकत्र केली की शिखरं पुसली जातात आणि सलग गळती दिसते. माझ्या मते माणसांच्या बाबतीत ‘सलग, पण कमीजास्त होणारी’ हेच म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

आणखी एक. घड्याळ दोन ठेवा. एक लक्षणं सुरू झाल्यापासूनचं, दुसरं रक्तप्रवाह परत आल्यापासूनचं. ३ तासांनी उघडलेली वाहिनी आणि १० तासांनी उघडलेली वाहिनी यांच्या पुढच्या ४८ तासांची तुलना एकाच घड्याळावर करता येत नाही. रक्त परत आलं की ऑक्सिजनचे मुक्त मूलक तयार होतात आणि न्यूट्रोफिल पोचतात. केशवाहिनीला वेढणाऱ्या पेरिसाइट पेशी तर इस्केमियात (रक्ताच्या तुटवड्यात) आकुंचन पावून तशाच मरतात आणि केशवाहिनी आवळून धरतात. म्हणून मोठी धमनी मोकळी दिसत असूनही खाली काही भागात रक्त पोचत नाही.

टीपीए या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाबद्दल थोडं. ते गुठळीपुरतं मर्यादित राहत नाही. एलआरपी-१ या ग्राहीमार्फत ते एमएमपी-९ वाढवतं आणि पीडीजीएफ-सीसी या संदेशवाहक प्रथिनाला सक्रिय करून अ‍ॅस्ट्रोसाइटच्या (मेंदूतल्या आधारपेशींच्या) पायांपर्यंत संदेश पोचवतं, त्यातूनही बॅरियर सैल होतो. उशिरा दिलेल्या टीपीएने रक्तस्राव वाढतो त्यामागे गुठळी विरघळणं हे एकच कारण नाही.

मग एमएमपी रोखणारं औषध सरसकट का देत नाही, असा प्रश्न पडेल. कारण दुसऱ्या आठवड्यात हेच एमएमपी-९ नव्या वाहिन्या फुटायला आणि ऊतक पुन्हा रचायला लागतं. प्राण्यांमध्ये ते उशिरा रोखलं तर इन्फार्क्टची (रक्ताअभावी मेलेल्या भागाची) भरपाई बिघडते. व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचंही तसंच: पहिल्या दिवशी घातक, पुढे गरजेचं.

क्षकिरण

वरच्या विवेचनाला मापनाची बाजू जोडतो आणि मग पांढऱ्या डागाकडे येतो.

गळती मोजताना एक फसगत हमखास होते. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट एमआरआयमधून जो के-ट्रान्स (कॉन्ट्रास्ट वाहिनीतून ऊतकात जाण्याचा दर) येतो तो निव्वळ पारगम्यता नसतो. त्यात रक्तप्रवाह मिसळलेला असतो. प्रवाह भरपूर असेल तर के-ट्रान्स पारगम्यता दाखवतो. प्रवाहच तुटपुंजा असेल तर तो प्रवाहापुरताच मर्यादित राहतो. म्हणजे वाहिनी बंद असताना इन्फार्क्टच्या गाभ्यात कॉन्ट्रास्ट पोचतच नाही आणि बॅरियर कितीही खराब असला तरी आकडा कमीच येतो. वाहिनी उघडल्यावर तोच आकडा उसळतो. यातली किती उसळी रिपर्फ्यूजनच्या (रक्तप्रवाह परतण्याच्या) इजेची आणि किती नुसती कॉन्ट्रास्ट पोचल्याची, हे वेगळं काढल्याशिवाय ‘अमुक तासाला बॅरियर उघडला’ असं लिहू नये. पहिल्या शंकेतला निम्मा गोंधळ इथला आहे.

सीटी परफ्यूजनमधून (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सीटीतून) पारगम्यता काढायची असेल तर पहिल्या फेरीची ४५ ते ६० सेकंदांची चित्रं पुरत नाहीत. तेवढ्यात कॉन्ट्रास्ट वाहिनीतच असतो आणि उशिरा पोचणारं रक्त गळतीसारखं भासतं. किमान दोन-तीन मिनिटांपर्यंत चित्रं घ्यावी लागतात.

आता डाग. थ्रोम्बेक्टमीत आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट थेट धमनीत, वारंवार, दाट मात्रेत जातो. गाभ्यातला बॅरियर तेवढ्यासाठी खुला असतो. म्हणून तो ऊतकात उतरतो आणि लगेचच्या सीटीत लेन्टिफॉर्म न्यूक्लियस किंवा इन्सुलाचा कॉर्टेक्स पांढरा दिसतो. ओळखायचं असं:

ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगळ्या ऊर्जांचे क्षकिरण वापरणारी) असेल तर वाद तिथेच मिटतो. आयोडीनच्या नकाशात डाग दिसला आणि आभासी बिनकॉन्ट्रास्ट चित्रात नाहीसा झाला, तर तो कॉन्ट्रास्ट. दोन्हीकडे दिसला तर रक्त आहे, किंवा रक्त आणि कॉन्ट्रास्ट मिसळलेले. ही मिसळण चांगलीच आढळते, त्यामुळे आयोडीन सापडलं म्हणून आभासी चित्र न बघता थांबू नका.

ड्युअल एनर्जी नसेल तर घनता मोजा. ताज्या रक्ताची घनता बहुधा ५० ते ८० एचयू (सीटीवरच्या घनतेचं एकक) असते. ९० च्या बऱ्यापैकी वर गेली तर त्यात कॉन्ट्रास्ट नक्की आहे. पण कॉन्ट्रास्ट आहे म्हणजे रक्त नाही, असं यातून सिद्ध होत नाही. कडा बघा: डाग शरीररचनेच्या हद्दीत बसलाय, शेजारचं वेंट्रिकल दबलेलं नाही, तर कॉन्ट्रास्टकडे कल. हद्द ओलांडून ढकलाढकल करत असेल तर रक्ताकडे.

एमआरआयची सोय असेल तर ससेप्टिबिलिटी चित्रात (रक्तातलं लोह टिपणाऱ्या प्रकारात) रक्त काळं पसरट दिसतं, आयोडीन दिसत नाही.

आणि काहीच नसेल तर २४ तासांनी सीटी पुन्हा करा. कॉन्ट्रास्ट २४ ते ४८ तासांत विरतो, रक्त राहतं. टीपीए दिलेलं असेल तर अँटिप्लेटलेटसाठी २४ तासांचं चित्र तसंही लागतंच. त्यामुळे फक्त लगेचच्या सीटीतल्या डागावरून औषध बंद करण्याचा निर्णय शक्यतो घेऊ नये.

मात्र ‘नुसता कॉन्ट्रास्ट आहे’ असं म्हणून निश्चिंतही होऊ नका. जिथे आयोडीन उतरलं तिथला बॅरियर खुला आहे, याचा तो पुरावा असतो. त्या भागात पुढे रक्तस्रावी रूपांतराची शक्यता जास्त. अहवालात तसं स्पष्ट लिहावं आणि वॉर्डने बीपीची दोरी तिथे घट्ट धरावी.

एमआरआयमध्ये याच धर्तीची खूण म्हणजे हार्म (रक्तप्रवाह परतल्याची चमक). आधी गॅडोलिनियम दिलेलं असतं, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी फ्लेअर (एमआरआयचा एक प्रकार) काढला तर मेंदूच्या सुरकुत्यांमधलं सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) पांढरं दिसतं. नवखा वाचक याला सबअरॅक्नॉइड (मेंदूच्या पृष्ठभागावरचा) रक्तस्राव म्हणून मोकळा होतो. आधीच्या तपासणीत गॅडोलिनियम दिलं होतं का, हे विचारल्याशिवाय तसा अहवाल देऊ नये. ससेप्टिबिलिटी चित्र स्वच्छ असेल तर हार्मच धरावं.

एक सोपं गणितही सांगतो, कारण ते साध्या सीटीवर होतं. निव्वळ जलवाढ टक्क्यांत = १०० × (१ − इन्फार्क्टची घनता ÷ दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेची घनता). इन्फार्क्टमध्ये ३० एचयू आणि समोरच्या बाजूला ३४ एचयू आले, तर सुमारे ११.८ टक्के. दोन्ही बाजूंचे चौकोन आरशासारखे तंतोतंत जुळवा आणि जुने इन्फार्क्ट व सीएसएफ वगळा, नाहीतर एकदोन एचयूची चूक अख्खं उत्तर फिरवते. हा आकडा बॅरियर फुटल्याचा नाही, मेंदूत पाणी किती शिरलं त्याचा आहे. फ्लेअरवर इन्फार्क्ट उमटायला काही तास लागतात त्याचं कारणही हेच: तिथे निव्वळ पाणी वाढावं लागतं. झोपेतून उठताना लक्षणं आढळलेल्या रुग्णात डिफ्यूजन उजळ आणि फ्लेअर कोरा असेल तर टीपीए देता येतं, त्यामागची शरीरक्रिया ही आहे.

निवासी_न्यूरो

खूप आभार. दोन घड्याळांचा मुद्दा आणि के-ट्रान्सचा मुद्दा, दोन्हींनी बरंच जाळं सुटलं. क्षकिरण सर, एक उपप्रश्न: आठव्या-दहाव्या दिवशी गॅडोलिनियम दिल्यावर इन्फार्क्ट झगमगतो तेव्हा ट्यूमरची शंका येते. तीही बॅरियरचीच गळती ना?

क्षकिरण

हो, तीच. इन्फार्क्टच्या आतली चमक साधारण तिसऱ्या दिवसानंतर सुरू होते, ३ दिवस ते ३ आठवडे या काळात जोरात असते आणि ३ महिन्यांत जायला हवी. कॉर्टेक्सच्या वळणांना धरून चालणारी चमक, धमनीच्या हद्दीत बसणारा आकार आणि दर चित्रागणिक कमी होणारी ढकल, या तिन्ही खुणा जुळल्या तर बायोप्सीची घाई नको. ३ महिन्यांनंतरही चमकत असेल तर निदान पुन्हा तपासा.

अतिदक्षता_कक्ष

तिसरी आणि चौथी शंका माझ्याकडे.

मॅनिटॉलचं कोडं असं सुटतं. ऑस्मोटिक औषध पाणी ओढतं ते मुख्यतः निरोगी मेंदूतून, जिथे बॅरियर शाबूत आहे. मॅनिटॉलचा परावर्तन गुणांक (अडसर रेणूला किती परत लावतो ते, १ म्हणजे पूर्ण) शाबूत बॅरियरवर सुमारे ०.९, सोडियम क्लोराइडचा जवळपास १. इन्फार्क्टमध्ये तो घसरतो, औषध आत झिरपतं आणि तिथे ओढ उरत नाही. म्हणजे आपण सुजलेला भाग सुकवत नाही. आजूबाजूचा निरोगी भाग आकसवून कवटीत तात्पुरती जागा करतो. म्हणून मॅनिटॉल हा शस्त्रक्रियेपर्यंत वेळ काढायचा उपाय आहे. दर ६ तासांनी आठवडाभर, सूज नसतानाही, ‘प्रतिबंधक’ म्हणून देण्याला आधार नाही. वारंवार दिल्यावर खराब भागात साचलेलं औषध उलट पाणी ओढू शकतं, ही भीतीही तेव्हाच खरी ठरते.

मात्रा ०.२५ ते १ ग्रॅम प्रति किलो. ७० किलोच्या माणसाला ०.५ ग्रॅमने ३५ ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांचं १७५ मिली, १५ ते २० मिनिटांत. थंडीत बाटलीत स्फटिक धरतात, ते कोमट पाण्यात विरघळवून, फिल्टर असलेल्या सेटमधूनच द्यावं. सिरम ऑस्मोलॅलिटी (रक्तातल्या विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३२० च्या वर जाऊ देऊ नका, लघवीचा हिशोब ठेवा आणि गेलेलं पाणी सलाइनने भरून काढा. ते भरलं नाही तर बीपी पडतं आणि वाचलेल्या पेनम्ब्राचा (उपाशी पण अजून जिवंत भागाचा) बळी जातो. बीपी आधीच नरम असेल तर ३ टक्के सलाइन बरं. सोडियम १४५ ते १५५ मध्ये ठेवायचं आणि दर ४ ते ६ तासांनी तपासायचं.

द्रवांची निवडही बॅरियरशी जोडलेली आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोज टाळाच. त्यातली साखर वापरली गेली की उरतं नुसतं पाणी, ते शाबूत बॅरियरमधूनही आत जातं. रिंगर लॅक्टेट २७३ मिलिऑस्मोल, किंचित पातळ. ०.९ टक्के सलाइन ३०८. मोठ्या इन्फार्क्टला सलाइन.

स्टेरॉइडचं म्हणाल तर ट्यूमरची सूज मुळात व्हीईजीएफमुळे झालेल्या गळतीची असते. पेशी जिवंत असतात आणि डेक्सामेथासोन ती गळती आवळतं. स्ट्रोकमध्ये सुरुवातीची सूज मरणाऱ्या पेशींनी सोडियम ओढल्याची असते, तिथे आवळायला काही नसतं. वर साखर चढते, संसर्ग वाढतो आणि चढलेली साखर स्वतःच रक्तस्रावाचा धोका वाढवते. मोठ्या धमनीच्या थ्रोम्बेक्टमीसोबत मिथाइलप्रेडनिसोलोन दिवसाला २ मिग्रॅ प्रति किलो, ३ दिवस, अशी मार्व्हल चाचणी २०२४ मध्ये आली. मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही, मृत्यू आणि लक्षणयुक्त रक्तस्राव मात्र कमी दिसले. विषय जिवंत आहे, पण तेवढ्यावर नेहमीचा उपचार बदलू नये. एसयूआर-१ रोखणाऱ्या शिरेतल्या ग्लायब्युराइडची चार्म चाचणीही मुख्य निकषावर यशस्वी झाली नाही. साखर १४० ते १८० मिग्रॅ मध्ये ठेवा. शाइन चाचणीत ८० ते १३० चं कडक लक्ष्य ठेवून फायदा झाला नाही, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचं प्रमाण वाढलं.

आता खरा उपाय. मोठ्या एमसीए (मेंदूच्या मधल्या धमनीच्या) इन्फार्क्टची सूज २ ते ५ दिवसांत टिपेला जाते. १४ तासांच्या आत डिफ्यूजनवरचं इन्फार्क्ट १४५ मिलीच्या वर असेल तर घातक सूज येणार असं धरून चाला आणि न्यूरोसर्जनला त्याच वेळी कळवा. बाहुली फाकेपर्यंत वाट बघायची नाही. ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांत ४८ तासांच्या आत हेमिक्रेनिएक्टमी (कवटीचं एका बाजूचं हाड काढण्याची शस्त्रक्रिया) केली तर वर्षभरातले मृत्यू ७१ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले, असं तीन युरोपीय चाचण्यांच्या २००७ मधल्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. हाडाचा तुकडा किमान १२ सेंमी हवा आणि ड्युरा (मेंदूचं जाड आवरण) उघडायलाच हवी. लहान भोकातून मेंदू बाहेर येतो आणि कडेवर कापला जातो, नव्या रक्तस्रावाची ती तजवीज ठरते. ६० च्या पुढे जीव वाचतो, पण बऱ्याच जणांना तीव्र अपंगत्व राहतं. नातेवाइकांशी हे आकडे मांडून, शस्त्रक्रियेच्या आधी बोलायचं.

बीपीकडे येऊ. आधी गुठळी विरघळवणाऱ्या औषधांची मात्रा: अल्टेप्लेज (म्हणजे टीपीए) ०.९ मिग्रॅ प्रति किलो, कमाल ९० मिग्रॅ, १० टक्के एका मिनिटात आणि बाकी तासाभरात. टेनेक्टेप्लेज ०.२५ मिग्रॅ प्रति किलो, कमाल २५, एकदाच. औषधाआधी बीपी १८५/११० च्या खाली, नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली. पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तासांपर्यंत तासाला मोजायचं. चुकतं कुठे, तर रुग्ण सीटीला किंवा वॉर्डात हलवताना. तेवढ्या अर्ध्या तासात कफ निघालेला असतो आणि नेमकं तेव्हाच २०० च्या वर जातं.

थ्रोम्बेक्टमीनंतर ‘जितकं खाली तितकं बरं’ हे करून पाहिलं गेलंय. २०२२ च्या एन्चान्टेड-२ मध्ये सिस्टोलिक १२० च्या खाली नेलेल्या रुग्णांची अवस्था वाईट झाली. २०२३ च्या ऑप्टिमल-बीपी मध्ये १४० च्या खालच्या लक्ष्यानेही नुकसानच दिसलं. कारण वर एन्डोथेलियम यांनी सांगितलंय: मोठी धमनी मोकळी, पण केशवाहिन्या आवळलेल्या, स्वयंनियमन (बीपी बदललं तरी प्रवाह सारखा ठेवण्याची क्षमता) गेलेलं. तिथला प्रवाह थेट बीपीवर अवलंबून. आपण गळती वाचवायला जातो आणि उपाशी ऊतक मारतो. म्हणून वरची हद्द १८०/१०५, आणि मुद्दाम १४० च्या खाली ढकलायचं नाही.

इन्फ्यूजन चालू असताना डोकेदुखी, उलटी, अचानक चढलेलं बीपी किंवा अशक्तपणात भर, यातलं काहीही दिसलं की आधी औषध बंद, मग सीटी. उलट क्रमाने नाही. रक्त दिसलं तर हिमोग्राम, पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन आणि क्रॉसमॅच पाठवा, क्रायोप्रेसिपिटेट (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा रक्तघटक) १० युनिट १० ते ३० मिनिटांत द्या. फायब्रिनोजेन १५० च्या खाली राहिलं तर आणखी. क्रायो मिळत नसेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १००० मिग्रॅ १० मिनिटांत.

पीएचडी_उंदीर

मधेच घुसतो, पण विषय निघालाच आहे. उंदरात इव्हान्स ब्लू या निळ्या रंगाने गळती मोजतोय. स्ट्रोक न केलेल्या बाजूलाही निळं येतं आणि प्राण्यागणिक आकडे भलतेच हलतात. नेमकं कुठे चुकत असेल?

एन्डोथेलियम

बहुतेक वेळा परफ्यूजनमध्ये. २ टक्के द्रावण ४ मिली प्रति किलो शिरेतून, साधारण २ तास फिरू द्यायचं, मग हृदयातून सलाइन सोडायचं. उजव्या कर्णिकेतून बाहेर येणारा द्रव पाण्यासारखा स्वच्छ होईपर्यंत थांबायचं नाही. यकृत फिकट पडलं की झालं, असं समजून लोक थांबतात. तेव्हा मेंदूच्या वाहिन्यांत निळं प्लाझ्मा उरलेलं असतं आणि तेच समोरच्या बाजूलाही मोजलं जातं. दाब फार ठेवला तर उलट केशवाहिन्या फाटतात, म्हणून वेग सर्व प्राण्यांत सारखा हवा.

पुढे दोन्ही गोलार्ध वेगळे करून ओलं वजन, फॉर्मॅमाइडमध्ये ६० अंशांवर २४ तास, सेंट्रिफ्यूज, आणि ६२० नॅनोमीटरला शोषण. प्रमाणरेषा त्याच फॉर्मॅमाइडमध्ये काढा, सलाइनमध्ये नाही. इन्फार्क्टमध्ये रक्तस्राव झालेला असेल तर हिमोग्लोबिन वाचनात मिसळतं. तो प्राणी वेगळा नोंदवा.

यापेक्षा मोठी अडचण रसायनाची आहे. इव्हान्स ब्लू अल्ब्युमिनला चिकटतं म्हणून त्याला ‘मोठा रेणू’ मानतात. पण मात्रा जास्त झाली की मोकळा रंग उरतो आणि तो लहान रेणूसारखा वागतो. तेव्हा एकाच रंगावर निष्कर्ष बांधू नका. सोबत सोडियम फ्लुओरेसिन ३७६ डाल्टन आणि डेक्स्ट्रान ३, १० व ७० किलोडाल्टन असे टप्पे घ्या. लहान गळतंय आणि मोठं नाही, तर जंक्शनच्या फटीकडे बघा. आकाराचा भेद न करता सगळंच जातंय, तर पुटिकांची वाहतूक किंवा पेशीच फाटल्याची शक्यता. खात्रीसाठी एचआरपी हे एन्झाइम देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. टाइट जंक्शन हाच अडथळा आहे, हे १९६७ मध्ये एचआरपीनेच दाखवलं गेलं.

डिशमधल्या पेशींवर काम करत असाल तर आणखी सावध राहा. एचसीएमईसी-डी३ या (मानवी मेंदूच्या वाहिन्यांच्या अस्तराच्या) पेशींचा विद्युत रोध (जास्त रोध म्हणजे कमी गळती) बहुधा ५० ओहम-चौरस सेंमीच्या आसपास किंवा त्याखालीच असतो, जिवंत मेंदूत तो हजाराच्या वर. अशा मुळातच गळक्या थरावर औषधाने गळती ‘अर्ध्यावर आली’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

निवासी_न्यूरो

अतिदक्षता यांचं उत्तर प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. शेवटचं एक विचारतो: एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असलेल्या रुग्णात अँटिकोअ‍ॅग्युलंट (रक्त पातळ करणारं औषध) केव्हा? बॅरियर आठवडे खुला असेल तर भीती वाटते.

अतिदक्षता_कक्ष

इन्फार्क्टच्या आकारावर. २०२३ च्या एलान चाचणीत लहान आणि मध्यम इन्फार्क्टला ४८ तासांच्या आत आणि मोठ्याला ६व्या-७व्या दिवशी डीओएसी (त्याच गटातल्या नव्या गोळ्या) सुरू केलं, तरी लक्षणयुक्त रक्तस्राव वाढला नाही. म्हणजे गॅडोलिनियमला खुला असलेला बॅरियर लाल पेशींना खुला असतोच असं नाही. सुरू करण्याच्या आदल्या दिवशी सीटी हवीच. एचआय-१ किंवा एचआय-२, म्हणजे विखुरलेले किंवा एकत्र आलेले पण ढकल न करणारे ठिपके असतील, तर आकारानुसार ठरवता येतं. पीएच-१ किंवा पीएच-२ (सलग गुठळी) असेल तर हे वेळापत्रक लागू नाही. पीएच-२ मध्ये इन्फार्क्टच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भागात गुठळी आणि ढकल असते, तिथे थांबायचं, चित्र पुन्हा काढायचं आणि गुठळी विरताना दिसल्यावरच विचार करायचा.

क्षकिरण

त्याच सीटीच्या जोडीला एकदा ससेप्टिबिलिटी एमआरआय करून ठेवा. मायक्रोब्लीड (जुने बारीक रक्तस्राव) कुठे आहेत ते महत्त्वाचं. बेसल गँग्लिया आणि ब्रेनस्टेममध्ये असतील तर बहुधा उच्च रक्तदाबाचा लहान वाहिन्यांचा आजार. फक्त लोबमध्ये असतील आणि कॉर्टेक्सवर सिडेरोसिसची (साचलेल्या लोहाची) काळी रेघ असेल तर अमायलॉइड अँजिओपथी (वाहिनीच्या भिंतीत अमायलॉइड प्रथिन साचण्याचा आजार). दुसऱ्या गटात वाहिनीची भिंतच ठिसूळ असते, तिथे अँटिकोअ‍ॅग्युलंटचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. १० पेक्षा जास्त मायक्रोब्लीड आधीच माहीत असतील तर टीपीएचाही. आणि अशा रुग्णाला अल्झायमरसाठी लेकानेमॅबसारखं प्रतिपिंड चालू आहे का, ते नक्की विचारा. त्याने वाहिनीतलं अमायलॉइड हलतं, बॅरियर ठिकठिकाणी सुटतो आणि अशा रुग्णाला टीपीए देऊ नये अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. औषधांच्या यादीत ते बहुधा नसतं, कारण ते सहसा इन्फ्यूजन केंद्रात शिरेतून दिलेलं असतं. घरच्यांना वेगळं विचारावं लागतं.